हेलिकॉप्टर कुणाकडे आहे

तोल्मिन या डोंगरातल्या गावच्या डॉक्टर झोरा कोबाल संसदेवर निवडून आल्या तेव्हा त्यांनी आरोग्य समिती मागितली होती. पण आरोग्याच्या जागा भरल्या होत्या, म्हणून पक्षानं त्यांना संरक्षण समितीवर टाकलं. मी त्या समितीचा सचिव, लेनार्त झागार. पहिल्या बैठकीला त्या डोंगरात घालायचे जाड बूट घालून आल्या आणि समितीच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "प्रेलोगसाहेब, मला रणगाड्यातलं काही कळत नाही. माणूस पडला तर त्याला कुठं लागलंय ते कळतं. तेवढ्यावर चालेल का?"

बोगोमिर प्रेलोग सूप मागवतानाही दोनदा विचार करणारे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चाललं.

बाकीचे सभासद गालातल्या गालात हसले. त्यांना ठाऊक नव्हतं की या बाईनं अर्धं आयुष्य डोंगरी बचाव पथकात काढलंय, आणि सोचा नदीच्या वरच्या खोऱ्यात असं घर शोधावं लागेल जिथल्या कुणालाच तिनं दोराला बांधून खाली आणलेलं नाही.

त्याच वर्षी ब्लाझ मोचनिकचा अपघात झाला.

ब्लाझ त्याच खोऱ्यातल्या कोबारिदचा, आमच्या सैन्यात सार्जंट. युरोपातल्या दहाबारा देशांनी मिळून आफ्रिकेतल्या एका कोरड्या, डोंगराळ देशात एक मोहीम चालवली होती, तिथल्या सैन्याला शिकवायची. देशाचं नाव मी घेत नाही, नोकरीत लागलेली सवय आहे. आमची मूठभर माणसं त्या मोहिमेत होती. घाटात ब्लाझची गाडी उलटली आणि पाय खाली अडकला. भर दुपारी त्याला बाहेर काढलं, आणि राजधानीतल्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो पोचला तेव्हा अंधार पडायला आला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

डॉक्टर त्याला भेटायला आमच्या राजधानीतल्या, ल्युब्ल्यानाच्या पुनर्वसन रुग्णालयात गेल्या. मला म्हणाल्या, "तूही चल. तुझ्या कागदांवरची माणसं कशी दिसतात ते बघ."

ब्लाझ खिडकीपाशी बसून सफरचंद सोलत होता. डॉक्टरांना पाहून उठायला लागला आणि मग आठवण होऊन परत बसला.

"डॉक्टर, तुम्ही माझ्या आजोबांना क्रन डोंगरावरून उतरवलं होतं," तो म्हणाला. "ते अजून सांगतात, वाटेत तुम्ही त्यांना एक अक्षर बोलू दिलं नाही."

"घरातल्या सपाता घालून डोंगर चढला होता म्हातारा. त्याला काय बोलू द्यायचं?" डॉक्टर त्याच्या पलंगावर बसल्या. "ब्लाझ, हेलिकॉप्टर का नाही आलं?"

"येतंय म्हणाले. मग म्हणाले, दुसऱ्यांचं येतंय. मग मला ट्रकमध्ये घातलं."

"दुसरे म्हणजे कोण?"

"कुणी सांगितलं नाही. मी पण फार खोलात शिरलो नाही, डॉक्टर. मी ओरडत होतो."

एवढं बोलून त्यानं सफरचंदाची फोड त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली आणि खाल्ली. परतताना डॉक्टर संसदेच्या दारात उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "वेळेत पोचला असता तर तो पाय वाचला असता. मी असे पाय वाचवलेत."

मग सुरू झाली टोलवाटोलवी. समितीत मंत्री म्हणाले, आमचं काम माणसं पाठवायचं, औषधपाण्याची सोय सगळ्या देशांची मिळून आहे, ते मोहिमेच्या मुख्यालयाला विचारा. मुख्यालय म्हणालं, आम्ही सरकारांना उत्तर देतो, एखाद्या संसदेला थेट देत नाही. डॉक्टरांनी युरोपीय संसदेतल्या ओळखीच्या सदस्याला फोन लावला. तो भला माणूस म्हणाला, आम्ही विचारलं होतं, पण यंत्रं त्या त्या देशांची असतात, तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या संसदेत विचारावं असं आम्हाला सांगण्यात आलं.

डॉक्टरांनी फोन ठेवला. "लेनार्त, सबंध युरोपात मला एक माणूस दाखव जो त्या छावणीकडे पुरतं बघतो. आमचे लोक आमच्या माणसांकडे बघतात, ते त्यांच्या माणसांकडे बघतात. मधल्या आकाशाकडे कोण बघतं?"

"तशी रचनाच नाहीये, डॉक्टर. धोरण सगळ्यांचं मिळून आहे, पण जाब ज्याच्या त्याच्या घरी द्यायचा."

"मग जाब विचारणाऱ्यांनी एकत्र यायला नको?"

"येतात की. वर्षातून दोनदा."

हे बोललो आणि मला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं. कारण त्यांचे डोळे चमकले.

ती परिषद त्या वसंतात आमच्याकडेच, प्रेलोगांच्या अध्यक्षतेखाली भरायची होती. युरोपातल्या प्रत्येक देशाच्या संसदेतले आणि युरोपीय संसदेतले सदस्य या परिषदेला येतात, सामायिक संरक्षण धोरण कसं चाललंय ते ऐकतात, चांगलं जेवतात आणि शेवटी एक निवेदन मंजूर करतात. निवेदनाला एकानंही हरकत घेतली तर ते अडतं, म्हणून ते असं लिहिलेलं असतं की हरकत घ्यायला त्यात काही सापडू नये. मी स्वतः अशी कितीतरी निवेदनं लिहिली आहेत. त्या कामात माझं नाव होतं.

परिषदेच्या दिवशी दुपारच्या जेवणाला डॉक्टरांनी आपली ताटली उचलली आणि त्या टेबलाटेबलांवर फिरू लागल्या. ताटलीत इद्रिया गावचे झ्लिक्रोफी होते, बटाटा भरून उकडलेले कणकेचे छोटे गोळे, ते गार होत गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जी आमच्या युरोपची खरी बोली आहे, त्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होत्या. पोर्तुगालचे अन्सेल्मो किन्तेला माझ्या शेजारी बसले होते. नौदलातून निवृत्त झालेले, पांढऱ्या झुबकेदार मिशांचे. परिषदेत वाचायचं भाषण ते आठवडाभर घासायचे आणि कोटाच्या खिशात इस्त्री केल्यासारखं ठेवायचे.

"हेलिकॉप्टर?" ते डॉक्टरांना म्हणाले. "आहे की. उत्तरेकडच्या कुणीतरी दिलंय. आम्हाला तसंच सांगितलंय."

डॉक्टर उत्तरेकडच्यांच्या टेबलावर गेल्या. तिथं त्यांना सांगण्यात आलं की हेलिकॉप्टर दक्षिणेकडच्या कुणाचं तरी आहे. तिसऱ्या टेबलावर एक तरुण सदस्या म्हणाली की ते भाड्याचं आहे, असं तिनं ऐकलंय. चौथ्या टेबलावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्या परत आल्या, बसल्या आणि गार झ्लिक्रोफी खायला लागल्या. "लेनार्त, हेलिकॉप्टर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आणि ते आपलं नाही हेही प्रत्येकाला माहीत आहे."

मी घाबरलो. "डॉक्टर, हे सभागृहात बोलू नका. मोहिमेची तयारी गोपनीय असते."

"गोपनीय काय? हेलिकॉप्टर नसणं? अरे, तिथल्या शत्रूला रोज आकाश दिसतं. ते दिसत नाही फक्त आपल्याला."

किन्तेलांनी काटा खाली ठेवला. "बाई, हे सगळं तुम्ही का विचारताय?"

डॉक्टरांनी ब्लाझची हकीकत सांगितली. फार सांगितलं नाही, सफरचंदाचंही सांगितलं नाही. किन्तेला ऐकत राहिले. मग त्यांनी उगाचच कोटाच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या नौकेवरचा एक पोरगा मी असाच वाट बघताना गमावलाय. येतंय, येतंय, असं रेडिओवर ऐकत." मग गोड आलं, ते त्यांनी खाल्लं नाही.

दुपारच्या सत्रात मोहिमेचे सेनापती बोलायला उभे राहिले. उंच, करड्या केसांचे जनरल. पडद्यावर चित्रं येत होती, नकाशे, बाण, गोल. समन्वय हा शब्द इतक्या वेळा आला की दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत एक मुलगी जांभई देताना मला दिसली. वैद्यकीय मदत या चित्रावर एक छोटं निळं हेलिकॉप्टर काढलेलं होतं. जनरल त्या चित्रापाशी थांबले नाहीत.

मग सदस्यांची पाळी. प्रत्येकाला दोन मिनिटं. वेळ संपली की ध्वनिक्षेपक आपोआप बंद पडतो, मग बोलणारा मंत्री असो की माजी पंतप्रधान. डॉक्टरांचं नाव आलं. त्या उभ्या राहिल्या, हातात काही नव्हतं.

"जनरलसाहेब, आज दुपारी तिथल्या घाटात एक गाडी उलटली, तर जखमी माणसाला उचलायला कुणाचं हेलिकॉप्टर येईल?"

जनरल म्हणाले, "वैद्यकीय स्थलांतराची व्यवस्था सदस्य देशांच्या योगदानातून केलेली आहे."

"कुठल्या देशाच्या?"

"योगदानाचं स्वरूप वेळोवेळी बदलत असतं."

"आज दुपारचं विचारतेय मी. आज दुपारी कुठल्या देशाच्या?"

जनरल सामायिक जबाबदारीबद्दल बोलू लागले. चांगलं लांबलचक बोलले. ते संपलं तेव्हा डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण ध्वनिक्षेपकाचा दिवा विझला होता, आवाज गेला होता. त्या खाली बसल्या. मला वाटलं, संपलं. मला हायसं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली.

पुढचं नाव अन्सेल्मो किन्तेलांचं होतं. त्यांनी खिशातून भाषण काढलं, उलगडलं, टेबलावर उपडं ठेवलं आणि म्हणाले, "अध्यक्षमहाराज, मी भाषण करणार नाही. आत्ताच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मी विचारतो. आज दुपारी कुणाचं हेलिकॉप्टर?"

सभागृहात चुळबुळ झाली. प्रेलोग माझ्याकडे झुकले. "नियम काय म्हणतो?"

"दोघांनी एकच प्रश्न विचारू नये असं कुठं लिहिलेलं नाही, साहेब. नियम गप्प आहे."

"मग आपणही गप्प राहू," प्रेलोग म्हणाले. इतक्या चटकन निर्णय घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जनरलनी पुन्हा उत्तर दिलं, जरा कमी शब्दांत. पुढची पाळी त्या तरुण सदस्येची होती, जिनं भाड्याच्या हेलिकॉप्टरचं ऐकलं होतं. तिनंही आपले कागद मिटले. "मलाही तेच विचारायचंय." तिच्यानंतर एक उत्तरेकडचा, कधीही न बोलणारा माणूस, एवढंच म्हणाला, "तेच." त्यानं आपल्या दोन मिनिटांतला उरलेला सगळा वेळ जनरलकडे शांतपणे बघत घालवला. मग एका बेटावरचा वकील. मग युरोपीय संसदेतले दोघे, जे एरवी एकमेकांच्या उलट मत देतात.

मी इतकी वर्षं सभा लिहितोय. घासूनपुसून आणलेलं भाषण सदस्यानं न वाचताच मिटलं असं मी तोवर पाहिलेलं नव्हतं. त्या दुपारी एकामागून एक कागद मिटत होते. कुणी आवाज चढवला नाही, टेबलावर मूठ आपटली नाही. एक प्रश्न एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे जात होता, प्रत्येकाच्या भाषेत, आणि काचेमागची ती मुलगी आता खुर्चीच्या कडेला सरकून बोलत होती.

शेवटी जनरलनी चष्मा काढला आणि समोरचा पाण्याचा पेला बाजूला सारला.

"कुणाचंही नाही," ते म्हणाले. "हेलिकॉप्टर नाही. गेल्या पानगळीत ज्या देशाचं होतं त्यांनी रीतसर कळवून परत नेलं. त्यांची मुदत संपली होती, त्यांची चूक नाही. त्यांच्या जागी कुणी दिलं नाही. मी मागितलं. विचार चालू आहे असं उत्तर आलं. पुन्हा मागितलं. चित्र मात्र पडद्यावर तसंच राहिलं, आणि ते काढून टाका असं मी सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं." मग ते म्हणाले, "तुमच्यापुढे हे आपणहोऊन बोलायचा मला अधिकार नाही. विचारलं तर खरं सांगायचं कर्तव्य आहे. आज तुम्ही विचारलंत."



चहाच्या सुट्टीत डॉक्टर थेट जनरलपाशी गेल्या. मला वाटलं आता त्यांची सालटी निघणार. त्या म्हणाल्या, "इतके महिने झोप लागायची का तुम्हाला?"

"नाही, डॉक्टर."

"आज लागेल," त्या म्हणाल्या आणि आपल्या कपात साखर घालून तोच कप त्यांच्या हातात दिला.

उरला निवेदनाचा प्रश्न. खरं सांगणं एक आणि ते कागदावर येणं वेगळं. एका शिष्टमंडळाचे प्रमुख, कडक इस्त्रीचे गृहस्थ, म्हणाले, "आपण देखरेख करणारे. हेलिकॉप्टर वाटणं आपलं काम नाही. अशी मागणी लिहिली तर माझी हरकत आहे." एक हरकत म्हणजे सगळं मुसळ केरात. मी कागदावर नेहमीचं गुळगुळीत वाक्य लिहायला लागलो होतो. डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हेलिकॉप्टर मागूच नकोस," त्या म्हणाल्या. "लिही, की येत्या महिन्यात एका ठरलेल्या आठवड्यात हाच प्रश्न प्रत्येक संसदेत त्या त्या मंत्र्याला विचारला जाईल, आणि सगळी उत्तरं शेजारी शेजारी मांडून सगळ्यांना दाखवली जातील. आणि आमच्यातले काहीजण जाऊन छावणी डोळ्यांनी बघून येतील. बस."

मी लिहिलं. ते कडक इस्त्रीचे गृहस्थ वाचत होते, पुन्हा वाचत होते. "हे केवळ विचारणं आहे," ते हळू म्हणाले. "विचारायला माझी हरकत कशी असेल? खरं म्हणजे आमचे मंत्री काय म्हणतात ते मलाही ऐकायचंय."

प्रेलोग उभे राहिले. "कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं आणि कुणी खोकायच्या आत हातोडा आपटला. "मंजूर." मग स्वतःच्याच हाताकडे नवलानं पाहत राहिले. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं, आणि किन्तेला आपलं न वाचलेलं भाषण चुरगाळून त्याचा चेंडू हवेत उडवत होते.

ठरलेल्या आठवड्यात युरोपभर तोच प्रश्न विचारला गेला. आमच्या मंत्र्यांनी दुसऱ्यांचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्यांना ठाऊक होतं की त्याच घटकेला दुसऱ्यांनाही विचारलं जातंय. उत्तरं शेजारी शेजारी मांडली तेव्हा मधली रिकामी जागा शेंबड्या पोरालाही दिसली असती. वर्तमानपत्रांना तर दिसलीच. उन्हाळा सरायच्या आत एका देशानं हेलिकॉप्टर देऊ केलं, मग दुसऱ्यानं आपलंही देऊ केलं, बहुधा पहिल्यापेक्षा कमी दिसू नये म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, कारण काय का असेना, पंखे फिरले म्हणजे झालं.

आम्ही काहीजण, किन्तेला आणि ते कडक इस्त्रीचे गृहस्थही, छावणी बघायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ब्लाझलाही घेतलं. मंत्रालयातून फोन आला की तो सदस्य नाही, त्याला कुठल्या नात्यानं न्यायचं? "वाटाड्या म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "तो रस्ता आमच्यापैकी फक्त त्यानंच पुरता पाहिलाय." ब्लाझ नव्या पायावर चालत होता, थोडं लंगडत, पण कुणाचा हात न घेता.

छावणीच्या फाटकात तिथल्या सैन्यातला कॅप्टन इद्रिसा उभा होता. ब्लाझला पाहून त्यानं सलाम केला, मग सलाम विसरून त्याला मिठी मारली. त्या दिवशी ट्रकमध्ये ब्लाझचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं.

"वाटभर तू मला शिव्या दिल्यास," इद्रिसा म्हणाला.

"मला काही आठवत नाही. कुठल्या भाषेत?"

"तुझ्या. मी शब्द लक्षात ठेवले. आता सगळ्या तुकडीला येतात."

मागे उभे असलेले जवान हसले आणि त्यातल्या एकानं शुद्ध कोबारिदच्या हेलात एक शिवी घालून दाखवली. ब्लाझ हसता हसता डोळे पुसायला लागला. 

मग आम्ही वैद्यकीय तंबूत गेलो. तिथली अधिकारी सांगत होती की हेलिकॉप्टर आल्यापासून इद्रिसाच्या दोन जवानांना त्यानं घाटातून वेळेत उचललं, दोघं कामावर परतलेत. मग ती अडखळली. "आणि गावातली एक मास्तरीण. बाळंतपणात अडली होती. ती मोहिमेच्या नियमात बसत नव्हती." तिनं आमच्या सगळ्यांकडे भीत भीत पाहिलं. शेवटी आम्ही जाब विचारणारे लोक.

किन्तेलांनी कानामागे हात धरला. "मला अलीकडे ऐकू कमी येतं. कुणी काही ऐकलं का?"

"वाऱ्याचा आवाज फार आहे," कडक इस्त्रीचे गृहस्थ म्हणाले.

"बाळ कसं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुलगी आहे. फार रडते."

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "फुप्फुसं चांगली आहेत."

दुपारी जेवणाची ताटं उघड्यावर मांडली होती, बाजरीचा भात आणि मटणाचा रस्सा, आणि वैमानिकानं ब्लाझला विचारलं, येतोस का वर, घाटावरून एक चक्कर? ब्लाझनं इद्रिसाकडे पाहिलं. दोघं आत चढले. पंखे फिरायला लागले तशी लाल धूळ उठली, ती ताटांत गेली, रश्शात गेली, आमच्या नाकातोंडात गेली, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. किन्तेलांची टोपी उडाली, तिच्यामागे ते सत्तरीतही पळाले. हेलिकॉप्टर वर चढलं, वळलं आणि ज्या वाटेनं तो ट्रक धापा टाकत गेला होता तिच्यावरून सरळ निघालं.

डॉक्टर धुळीत उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून, तोंडभर हसत. जवान ओरडत होते, खासदार ओरडत होते. सचिवानं कुठल्याही बाजूनं टाळ्या वाजवू नयेत असा आमच्याकडे जुना दंडक आहे. मी कागदपत्रांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि तळहात झोंबेपर्यंत टाळ्या वाजवल्या.